पडली नाही, घसरली नाही, तरी पायाचं हाड मोडलं कसं?

कापूस वेचणी जोरात असते त्या दिवसांत, दिवाळीपासून पुढे संक्रांतीपर्यंत, पाय दुखतात म्हणून दवाखान्यात येणाऱ्या बाया वाढतात. बहुतेकींचं दुखणं थकव्याचं असतं. चार दिवस वावरात गेलं नाही की उतरतं. काहींचं मात्र उतरत नाही. वय पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे, पावलाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या थोडं मागे सूज, आणि तिथे नेमक्या एका जागी बोट दाबलं की बाई पाय मागे ओढते. काय झालं होतं म्हणून विचारलं तर सांगते, "काहीच नाही झालं. पडली नाही, घसरली नाही. वावरातून येता येताच पाय धरला." हाडाला तडा गेला असेल, असं मी म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मोडलं असतं त चालली असती काय मी?"

चालता येतं. पावलातल्या एखाद्या हाडाला बारीक तडा गेला असला तरी माणूस लंगडत का होईना चालतो, स्वयंपाक करतो, वेचणीलाही जातो. त्यामुळेच हे दुखणं महिना-दीड महिना घरातच मुरतं. मी फिजिओथेरपीचं काम करते, आणि या एका गैरसमजाने जेवढं नुकसान झालेलं पाहिलं तेवढं क्वचितच दुसऱ्या कशाने झालं असेल.

न पडता पाऊल मोडतं तेव्हा गोष्ट बहुधा त्या एका हाडापुरती नसते. अंगातली सगळीच हाडं विरळ होत आलेली असू शकतात आणि त्याची पहिली खबर पायाने दिलेली असते. ती वेळेवर ऐकली तर पुढचं मनगटाचं, मणक्याचं, आणि सगळ्यांत भीती असते ते खुब्याचं मोडणं बऱ्याच अंशी टाळता येतं.

हाड आतून कसं रिकामं होतं

हाड जिवंत असतं. त्यात जुनं हाड खरवडून काढणाऱ्या पेशी असतात आणि रिकाम्या झालेल्या जागी नवं हाड भरणाऱ्याही. साधारण तिशीपर्यंत भरणाऱ्यांचं काम पुढे असतं, म्हणून तोवर हाडांची पुंजी जमत जाते. नंतर काही वर्षं जमाखर्च बरोबरीत चालतो आणि मग खर्च वाढतो. बाईच्या अंगात खरवडणाऱ्या पेशींवर इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा धाक असतो. पाळी गेली की तो धाक जातो. पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत काही बायांच्या हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंतही कमी होऊ शकते. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, युरोप-अमेरिकेतल्या बायांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. म्हणजे आपल्या बायांची ही गळती लवकर सुरू होते, आणि बहुतेकींची मुळातली पुंजीही कमीच असते. बारीक अंगकाठी, लहान वयात लग्न, पाठोपाठ बाळंतपणं, आणि ताटात शेवटी उरेल ते खाणं.

कवेलूच्या घराच्या फाट्यांना उदळी, म्हणजे वाळवी, लागली की जे होतं तेच हाडांचं होतं. बाहेरून लाकूड तेवढंच जाड दिसतं, रंगही तोच. एखाद्या पावसाळ्यात फाटा मोडून खाली येतो तेव्हा कळतं की आत भुगा होता. हाडं अशी ठिसूळ होण्याला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. यात एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची: ऑस्टिओपोरोसिस स्वतः दुखत नाही. गुडघे दुखतात, सकाळी बोटं आखडतात, ती सांध्यांची तक्रार आहे आणि तिचा उपचार वेगळा आहे. ठिसूळ हाड मोडेपर्यंत गप्प असतं.

भार पावलावर येतो

एका पावलात २६ हाडं असतात. दोन्ही पावलांची मिळून ५२ झाली, म्हणजे अंगातल्या २०६ हाडांपैकी चौथा हिस्सा घोट्याखाली आहे. चालताना प्रत्येक पावलावर आपल्या वजनाएवढा किंवा त्याहून थोडा जास्त भार येतो. त्यावर डोक्यावरचं कापसाचं गाठोडं किंवा सरपणाचा भारा आला की हिशेब आणखी वाढतो.

यातली दोन ठिकाणं विशेष नाजूक. पहिलं, बोटांच्या मागची पाच लांब हाडं, त्यांतही दुसरं आणि तिसरं. ही बारीक असतात, आणि दुसऱ्या हाडाचं मूळ शेजारच्या हाडांमध्ये घट्ट अडकलेलं असल्यामुळे पाऊल टाकताना ते हलून भार वाटून देऊ शकत नाही. दुसरं ठिकाण टाच. टाचेचं हाड पावलातलं सगळ्यांत मोठं, पण आतून ते जवळजवळ सगळं जाळीदार आहे, वरून फक्त पातळ कवच. हाडांची झीज अशा जाळीदार भागाला आधी लागते.

१८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरांनी लांबलांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पावलांचं वर्णन लिहून ठेवलं. कारण दिसण्याची सोय तेव्हा नव्हती, एक्स-रेचा शोधच १८९५ चा. एक्स-रे आल्यावर कळलं की ही मोडलेली हाडं होती. सैनिकांच्या बाबतीत हाड मजबूत, पण त्यावरचा मार बेसुमार. ऑस्टिओपोरोसिस असलेल्या बाईच्या बाबतीत उलट होतं. मार रोजचाच, हाड कमी पडतं. आमच्याकडे मात्र या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या वाट्याला येतात. वेचणीच्या दिवसांत ती सकाळपासून पऱ्हाटीच्या ओळींत उभी असते, काळ्या मातीच्या वाळून दगड झालेल्या ढेकळांवर, पायात झिजलेली रबरी चप्पल किंवा काहीच नाही. कमरेची ओटी भरली की धुऱ्यापर्यंत जाऊन रिकामी करायची, पुन्हा ओळीत यायचं. संध्याकाळी गाठोडं डोक्यावर घेऊन पांदणीने घर. पूर्व विदर्भात, भंडारा-गोंदियाकडे, धानाच्या रोवणीच्या वेळी हेच पाय चिखलात असतात. वरून माती मऊ, पण पाऊल आडवंतिडवं पडतं आणि घोटा मुरगळतो. ठिसूळ हाड असेल तर नुसत्या मुरगळण्यानेही घोट्याचं किंवा करंगळीच्या मागचं हाड मोडतं.

टाच दुखते तेव्हा

टाचदुखीचं नेहमीचं कारण ऑस्टिओपोरोसिस नाही, हे आधीच सांगते. तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो. तो टाचेच्या हाडाला जिथे चिकटतो तिथे दुखावतो, त्याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात. त्याची ओळख सोपी आहे. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकलं की कळ डोक्यात जाते, आणि घरात थोडं फिरलं की कमी होते. दाबून पाहिलं तर टाचेच्या खालच्या बाजूला, थोडं आतल्या अंगाला दुखतं.

टाचेच्या हाडाला तडा गेला असेल तर दुखण्याची चाल वेगळी असते. रात्रभर पाय वर ठेवून झोपल्यावर सकाळी बरं वाटतं, आणि जसजसं चालावं तसतसं वाढत जातं. दोन्ही तळहातांच्या मध्ये टाच धरायची आणि डावी-उजवीकडून हळूहळू दाबत जायचं. तडा असेल तर या बाजूच्या दाबाने दुखतं. पट्ट्याच्या दुखण्यात बाजूने दाबल्यावर सहसा काही होत नाही. एवढ्यावर निदान पक्कं होत नाही, पण आशाताईला किंवा घरातल्या कोणालाही हे करून पाहता येतं. आणि बाजूने दाबल्यावर दुखलं तर मलम लावत बसायचं नाही, हे त्यातून कळतं.

इथे एक वाक्य फार घोटाळा करतं: "टाचेचं हाड वाढलंय." एक्स-रेत टाचेच्या खाली पुढे आलेलं एक टोक दिसतं, त्यावरून हे सांगितलं जातं. असं टोक काहीही न दुखणाऱ्या पुष्कळ माणसांच्या टाचेत सापडतं, त्यामुळे दुखणं त्याचंच आहे असं धरून चालता येत नाही. पण हाड वाढलं म्हटल्यावर अंगात कॅल्शियम जास्त झालं असेल असं समजून दूध आणि गोळ्या बंद करणाऱ्या बाया मला भेटल्या आहेत. त्या टोकाचा आणि खाण्यातल्या कॅल्शियमचा संबंध नाही. टाचेला असं टोक असलेल्या बाईची बाकीची हाडं त्याच वेळी ठिसूळही असू शकतात.

दुसरा घोटाळा एक्स-रेचा. बारीक तडा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेवर अनेकदा दिसतच नाही. हाड भरून यायला लागतं, तिथे नवं हाड जमतं, तेव्हा तो दिसू लागतो. त्यामुळे पहिला एक्स-रे चांगला आला म्हणून काही नाही असं समजून पुन्हा कामाला लागणं धोक्याचं. एमआरआयमध्ये तडा लवकर कळतो, पण त्यासाठी मोठ्या शहराची वारी आणि खर्च आहे. तेवढी सोय नसेल तर मी सांगते ते असं: तडा आहे असंच धरून पायाला आराम द्यायचा आणि दोन-तीन आठवड्यांनी एक्स-रे पुन्हा काढायचा. आराम दिल्याने काही बिघडत नाही. तडा असताना चालत राहिलं तर मात्र तो आरपार जाऊन हाडाचे दोन तुकडे होऊ शकतात.

तोवर तेल लावून रगडणं नको, हाड बसवणाऱ्याकडून पाय ओढून घेणं तर मुळीच नको. तापवलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून टाच शेकण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. साध्या टाचदुखीत शेकाने बरं वाटतंही. पण ज्यांना शुगर आहे त्यांनी हे करू नये. शुगरमुळे पायाची जाणीव बोथट झालेली असते, चटका बसलेला कळत नाही आणि जखम होते.

शुगरवाल्यांसाठी आणखी एक इशारा. पाय अचानक सुजला, लाल झाला, दुसऱ्या पायापेक्षा हाताला गरम लागतो, जखम कुठेच नाही आणि फारसं दुखतही नाही, असं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. जाणीव नसलेल्या पावलातली हाडं आतल्या आत मोडत असल्याची ही खूण असू शकते. दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो आणि पावलाचा आकारच बिघडतो.

आता ऑस्टिओपोरोसिसमुळे काय होत नाही, तेही सांगून टाकते, कारण कॅल्शियमच्या गोळ्यांवर यापायी फार पैसा जातो. टाचांच्या भेगा हाडांमुळे पडत नाहीत, त्या कोरड्या, जाड झालेल्या कातडीच्या. तळपायांची आग आणि मुंग्या हाडांच्या नाहीत. शुगर आणि व्हिटॅमिन बी-१२ तपासून घ्यायला हवं. पायाला कुरूप होतं ते चपलेच्या दाबाने. आणि चालताना अंगठा उंबरठ्याला जोरात आपटून बोट मोडलं, तर तेवढ्यावरून हाडं ठिसूळ आहेत असं कोणी ठरवत नाही. तसा जोराचा मार लागला की कोणाचंही बोट मोडेल.

पाठ वाकली की पायही बिघडतो

ठिसूळ झालेले मणके पुढच्या बाजूने दबत जातात. बाई हळूहळू वाकते, उंची कमी होते. तरुणपणीपेक्षा उंची चार सेंटिमीटरहून जास्त कमी झाली असेल तर मणका दबल्याची शंका घ्यायला हवी. अंगाचा तोल पुढे गेला की पावलांवरचा भारही टाचेकडून पुढे सरकतो, आणि आधीच बारीक असलेल्या बोटांमागच्या हाडांवर जास्त पडतो. शिवाय वयाबरोबर तळव्याची चरबीची गादी पातळ होते. मग जमीन हाडालाच लागते.

याहून साधी गोष्ट अशी, की आखडलेल्या पाठीने खाली वाकता येत नसेल तर स्वतःच्या पायापर्यंत हात पोचत नाही. नखं वाढतात, मांसात रुततात. बोटांच्या मधल्या चिखल्या, पावलाखालचा काटा, कुजायला लागलेली जखम, काही दिसत नाही. घरात सून, नात, कोणीतरी आठवड्यातून एकदा आजीचे पाय कोमट पाण्याने धुऊन, पुसून, उजेडात नीट पाहावेत. नखं सरळ कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत. औषधाइतकंच हे महत्त्वाचं आहे, असं माझं मत आहे. कारण पाय दुखणारं माणूस जपून, फरफटत चालतं, आणि तेच माणूस रात्री उठल्यावर मोरीत पडतं. खुबा मोडतो तो असा.

पडण्याच्या जागा आपल्याला पाठ असतात. बोअरिंगजवळचं शेवाळ, ताजं सारवलेलं अंगण, ओसरीची उंच पायरी, रात्री अंगणापलीकडच्या संडासापर्यंतचा अंधार. त्या वाटेवर एक दिवा आणि मोरीच्या भिंतीत धरायला एक पक्का लोखंडी दांडा, एवढं करायला फार खर्च येत नाही.

चपलेबद्दल मी जरा हट्टी आहे. अंगठ्यात पकडून ठेवावी लागणारी, तळ गुळगुळीत झालेली रबरी चप्पल वावरात घालू नये. मागे पट्टा असलेली, तळ जाड आणि खाचांचा, पुढे बोटांना पसरायला जागा असलेली सॅंडल किंवा कॅनव्हासचा बूट हवा. चप्पल हातात घेऊन मधून दुमडून पाहायची. मधोमध घडी पडत असेल तर ती पायाला आधार देत नाही. ती बोटांजवळच वाकली पाहिजे. आणि पायाचं माप संध्याकाळी घ्यायचं, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो.

उन्हात राबूनही व्हिटॅमिन डी कमी?

हा प्रश्न सगळे विचारतात, आणि बरोबरच विचारतात. वेचणीला जाणाऱ्या बाईकडे एकदा नीट पाहा. नऊवारी किंवा सहावारी, त्यावर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्या-तोंडाला घट्ट गुंडाळलेला दुपट्टा. उन्हापासून आणि पऱ्हाटीच्या ओरखड्यांपासून वाचायला ते लागतंच. पण दिवसभर उन्हात असूनही ऊन कातडीला लागतं कुठे? शिवाय सावळ्या कातडीला व्हिटॅमिन डी बनवायला जास्त वेळ ऊन लागतं. ज्या वेळी आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असते, त्या वेळचं ऊन कामाचं. हिवाळ्यात ते दुपारी मिळतं. आपल्या मे महिन्यात भरदुपारी कोणी उन्हात बसू नये, सकाळी साडेनऊ-दहालाच सावली तेवढी आखूड झालेली असते. हात आणि पाय उघडे ठेवून वीस मिनिटं, अर्धा तास बसलं तरी चालतं.

डी फारच कमी असेल तर हाड विरळ होण्याऐवजी मऊ पडतं. त्याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात. अशा बाईला अंगभर हाडं ठणकतात, खाली बसल्यावर उठताना हात टेकावा लागतो, आणि पावलाच्या हाडांना तडे तिलाही जातात. त्याचा उपचार वेगळा आहे, म्हणूनच ठिसूळ हाडांचं औषध सुरू करण्याआधी रक्तातलं डी आणि कॅल्शियम तपासायला हवं.

आता ताट. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पाळी गेलेल्या बाईला १२००. दिवसभरात ज्वारीच्या चार भाकरी खाल्ल्या तर त्यातून ८० च्या आसपास मिळतं. तुरीच्या वरणातून तीस-चाळीस. दोन-तीन चहांतल्या दुधातून शंभर-सव्वाशे. भाजीचे पन्नास. बेरीज तीनशेच्या आसपास थांबते. ही आमच्याकडची अगदी नेहमीची बेरीज आहे. घरी म्हैस असते, पण दूध डेअरीला जातं.

वाढवायचं कसं? एक पेला दूध किंवा वाटीभर दही-ताक रोज, हे पहिलं. दुसरं, तीळ. न सोललेल्या तिळात १०० ग्रॅमला हजाराहून जास्त मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. रोज दोन मोठे चमचे तिळाची चटणी म्हणजे दोनशेच्या वर झालं. सोललेल्या पांढऱ्याशुभ्र तिळात मात्र फार थोडं उरतं, कारण कॅल्शियम सालीत असतं. जवसाची चटणी चांगली, तिळाच्या खालोखाल. शेवग्याचा पाला शेंगांपेक्षा कितीतरी सरस, तो वरणात टाकायचा. तलावांच्या भागात बारीक मासे काट्यांसकट खातात, तेही उत्तम. पालकात कॅल्शियम आहे, पण ते अंगी फार कमी लागतं.

खर्ऱ्यातल्या चुन्याने कॅल्शियम मिळतं, असं सांगणारे आहेत. त्या चुन्याबरोबर तंबाखू पोटात जाते. तिच्यातल्या निकोटिनमुळे मोडलेलं हाड जुळायला वेळ लागतो आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वेगळाच. पाय मोडलेल्या माणसाने खर्रा आणि बिडी पहिल्या दिवसापासून बंद करायला हवी.

यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या काही भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात एका लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असणं चांगलं, १.५ च्या वर नकोच. फ्लोराइडने हाड घट्ट दिसतं, पण ते कडक आणि ठिसूळ असतं. घनतेच्या तपासणीत आकडा चांगला येऊनही हाड मोडू शकतं. एके काळी ऑस्टिओपोरोसिसवर सोडियम फ्लोराइड हेच औषध म्हणून देऊन पाहिलं होतं. १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मणक्यांची घनता भरपूर वाढलेली दिसली, पण मणके मोडणं काही कमी झालं नाही आणि इतर हाडं उलट जास्त मोडली. औषध घेणाऱ्या बायांना पायांत दुखण्याचा त्रास होई, त्यामागे बारीक तडे होते. त्यामुळे तपासणीला जाताना डॉक्टरांना आपल्या गावचं पाणी कसलं आहे ते आवर्जून सांगावं.

सांगण्यासारख्या आणखी काही गोष्टी असतात, ज्या बाया आपणहून बोलत नाहीत. पिशवीचं ऑपरेशन झालंय का, आणि अंडाशयही काढले का? तरुण वयात अंडाशय काढले तर हाडांची गळती त्या दिवसापासूनच सुरू होते. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का? तीन महिन्यांहून जास्त चालल्या तर हाडं पोखरतात. गुडघेदुखीवर बिननावाच्या पुडीतलं चूर्ण घेतलं आणि दोनच दिवसांत दुखणं गायब, भूक वाढली, चेहरा गोल झाला, असं असेल तर त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची दाट शंका आहे. ते एकदम बंद करू नका, पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा. घरात सिकलसेल असेल तर तेही सांगा. त्या आजारात हाडांचं दुखणं वेगळ्या कारणाने होतं आणि हाडांची घनताही कमी असू शकते.

तपासणी आणि उपचार

हाडांची घनता मोजण्याची खरी तपासणी डेक्सा. खुबा आणि कमरेच्या मणक्यांचा अगदी कमी किरणांचा फोटो घेतात आणि टी-स्कोर, म्हणजे तरुण, निरोगी हाडांशी तुलना करून काढलेला आकडा, देतात. उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये असेल तर घनता कमी, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. गावातल्या शिबिरात टाच एका छोट्या यंत्रात ठेवून जी तपासणी होते ती आवाजाच्या लहरींची. कोणाला पुढे पाठवायचं ते निवडायला ती ठीक आहे, पण तिच्या आकड्यावर डेक्साची मोजपट्टी लागत नाही. तेवढ्या कागदावर वर्षानुवर्षं औषध घेऊ नये, आणि आकडा चांगला आला म्हणून न पडता मोडलेल्या पायाकडे दुर्लक्षही करू नये.

मोडलेलं पाऊल बहुतेक वेळा ऑपरेशनविना सहा ते आठ आठवड्यांत जुळतं. कडक तळाचा बूट किंवा प्लास्टर, चालताना काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात. करंगळीच्या मागच्या हाडाचा एक प्रकारचा तडा जुळायला हट्टी असतो, त्याला हाडांच्या डॉक्टरांची देखरेख हवी. पण दोन महिने खाटेवर पडून राहणंही नको. पडून राहिल्याने हाड आणखी विरळ होतं. बसल्या बसल्या दुसरा पाय, मांड्या, हात हलते ठेवायचे.

पाय जुळल्यावर हाडांच्या औषधाचं बघायचं. नेहमी दिलं जाणारं औषध अलेंड्रोनेट, ७० मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा. सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, चहासोबत नाही. नंतर अर्धा तास काही खायचं नाही, नाहीतर औषध अंगी लागत नाही, आणि आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला जखम होऊ शकते. उपासाच्या सोमवारी किंवा गुरुवारी उठल्याबरोबर घेतली की विसरत नाही. ज्यांना गोळी सोसत नाही त्यांना वर्षातून एकदा शिरेतून झोलेड्रोनिक ॲसिड देतात. डेनोसुमॅबचं इंजेक्शन सहा महिन्यांनी असतं, आणि ते मध्येच सोडलं तर मणके मोडण्याचा धोका उलटून येतो. पुढची तारीख पाळता येणार नसेल तर ते सुरू करण्याआधीच डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगावं. दात काढायचे असतील तर औषध सुरू होण्याआधी काढून घ्यावेत. औषध चालू असताना मांडीत किंवा जांघेत नवं दुखणं सुरू झालं तर वाट न पाहता दाखवावं. व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी ठरवून दिलेल्या आठवड्यांपुरतीच घ्यायची. ती वर्षभर दर आठवड्याला घेणाऱ्यांच्या रक्तात कॅल्शियम वाढून किडनीला त्रास झाल्याची उदाहरणं आहेत.

व्यायाम मी फार थोडा देते, पण रोजचा. भिंतीला किंवा खाटेच्या माचव्याला धरून दोन्ही टाचा उचलायच्या आणि सावकाश टेकवायच्या, दहा वेळा. धरूनच एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभं राहायचं. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं. पायाच्या बोटांनी जमिनीवरचं फडकं गोळा करायचं. मोडलेला पाय पूर्ण जुळल्याशिवाय टाचा उचलण्याचा आणि एका पायाचा व्यायाम करायचा नाही.

वेचणीला परत जायचा प्रश्न मजुरीचा असतो, त्यामुळे जाऊ नका असं सांगून भागत नाही. मी सांगते ते असं: पहिला आठवडा अर्धाच दिवस, पायात बूट. ओटी अर्धी भरली की रिकामी करायची. गाठोडं डोक्यावर घ्यायचं नाही, बंडीत टाकायचं किंवा लेकाच्या मोटरसायकलवर द्यायचं. रात्री पाय धुताना आधी मोडलं होतं ती जागा अंगठ्याने दाबून पाहायची. तिथे पुन्हा दुखलं तर दुसऱ्या दिवशी वावर नाही, दवाखाना.